अर्ज आला, पुढे काय? ऑनलाइन फॉर्म आणि शीटविषयी वाचकांचे प्रश्न

कार्यालयीन कामासाठी ऑनलाइन फॉर्म व स्प्रेडशीट वापरणाऱ्या वाचकांकडून आम्ही अडचणी मागवल्या होत्या. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचे म्हणणे एकच आहे: फॉर्म तयार करणे जमले, उत्तरे शीटमध्ये जमाही होऊ लागली, परंतु त्यापुढचे काम पूर्वीइतकेच हाताने आणि फोन करून करावे लागते. त्यातील काही पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखक प्रामुख्याने गूगल फॉर्म्स आणि गूगल शीट्स वापरत असल्यामुळे उत्तरे त्यांनाच धरून दिली आहेत. एक्सेलचा संबंध जेथे आला तेथे तसा उल्लेख केला आहे.

प्रश्न : आमच्या अनुदानित माध्यमिक शाळेत रजेच्या अर्जासाठी मी गूगल फॉर्म तयार केला. पूर्वी कागदी अर्ज माझ्याकडे येई, मी आवक नोंदवहीत त्याची नोंद करून तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवत असे. आता अर्ज शीटमध्ये येतो, पण सर शीट स्वतःहून उघडत नाहीत, त्यामुळे मला दर वेळी आठवण करावी लागते. मंजुरीचा शेरा ते शीटमध्येच लिहितात. मध्यंतरी कोणीतरी शीट नावांच्या क्रमाने लावले आणि अर्ज क्रमांकांची सगळी मालिकाच बदलली. अर्ज आपोआप सरांकडे जावा आणि निर्णय आपोआप अर्जदाराला कळावा, यासाठी काय करावे? (वरिष्ठ लिपिक, सातारा जिल्हा)

उत्तर : आपल्या कागदी पद्धतीत अर्ज, आवक क्रमांक आणि साहेबांचा शेरा या तीन गोष्टी तीन जागी होत्या. शीटमध्ये त्या एकाच पानावर आल्या आणि अडचणीचे मूळ तेथे आहे. फॉर्मची उत्तरे ज्या पानावर जमा होतात, त्या पानावर कोणीही, अगदी मुख्याध्यापकांनीही, एक अक्षर लिहू नये. डेटा मेनूतील ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’ वापरून ते पान इतरांसाठी बंद करावे. शेरा, शिल्लक रजा, हजेरीपटासाठीचा गोषवारा हे सर्व त्याच फाइलमधील वेगळ्या पानांवर ठेवावे. कोणाला नावानुसार किंवा तारखेनुसार यादी पाहायची असेल, तर त्यांना ‘फिल्टर व्ह्यू’ वापरण्यास सांगावे. त्यात लावलेला क्रम पाहणाऱ्यापुरताच राहतो, मूळ ओळी हलत नाहीत.

अर्ज क्रमांक बदलला याचे कारण बहुधा असे की, आपण तो ओळीच्या क्रमांकावरून सूत्राने काढला होता. ओळ हलली की सूत्राचे उत्तर बदलणारच. शिवाय नवे उत्तर आले की शीट त्यासाठी नवी ओळ घालते, आणि शेजारच्या कॉलममध्ये आपण खाली ओढून ठेवलेले सूत्र त्या ओळीत अनेकदा उतरत नाही. नेहमीच्या हिशेबासाठी, उदाहरणार्थ रजेचे दिवस मोजण्यासाठी, शीर्षकाच्या सेलमध्येच ‘ॲरेफॉर्म्युला’ (संपूर्ण कॉलमला लागू होणारे एकच सूत्र) लिहिला की ही अडचण सुटते. अर्ज क्रमांकासाठी मात्र सूत्र नकोच. तो आवक नोंदवहीतील शिक्क्यासारखा एकदाच उमटला पाहिजे आणि पुन्हा बदलता कामा नये.

हे काम ‘ॲप्स स्क्रिप्ट’ करते. शीटच्या ‘एक्स्टेन्शन्स’ मेनूत ते सापडेल. त्यात एक छोटा प्रोग्रॅम लिहून त्याला ‘ऑन फॉर्म सबमिट’ हा ट्रिगर जोडला की, अर्ज दाखल होताच तो चालतो. त्याने तीन कामे करावीत: पुढचा अर्ज क्रमांक काढून तो त्या ओळीत अंक म्हणून लिहावा, अर्जदाराला पोच पाठवावी आणि मुख्याध्यापकांना मेल करावा. दोन शिक्षकांनी एकाच क्षणी अर्ज केला तर दोघांनाही एकच क्रमांक मिळू नये, यासाठी प्रोग्रॅममध्ये ‘लॉक सर्व्हिस’ वापरावी. पहिल्याचे काम संपेपर्यंत दुसरा थांबतो. स्क्रिप्ट लिहून देणाऱ्याला ही गोष्ट आवर्जून सांगावी, कारण चाचणी एकट्याने होते आणि तेव्हा ही चूक कधीच दिसत नाही.

मुख्याध्यापकांना जाणारा मेल असा असावा की, तो वाचल्यावर शीट उघडण्याची गरजच पडू नये. उदाहरणार्थ: ‘अर्ज क्र. 47. किरकोळ रजा, 12 व 13 ऑगस्ट, 2 दिवस. या अर्जापूर्वी शिल्लक 5. कारण : घरगुती. तासिकांची व्यवस्था : अर्जदाराने सुचवलेली नाही. निर्णय नोंदवण्यासाठी येथे दाबा.’ शेवटच्या ओळीतील दुवा एका दुसऱ्या फॉर्मचा असेल. या निर्णय फॉर्ममध्ये अर्ज क्रमांक, निर्णय (मंजूर, नामंजूर, समक्ष भेटावे) आणि शेरा एवढेच प्रश्न ठेवावेत. फॉर्मच्या तीन टिंबांच्या मेनूतून ‘प्री-फिल्ड लिंक’ मिळते, म्हणजे एखादे उत्तर आधीच भरलेला दुवा. त्या दुव्यातील क्रमांकाच्या जागी प्रोग्रॅमने प्रत्यक्ष अर्ज क्रमांक घालावा. साहेबांना मोबाइलवर दोनदा बोट टेकवले की काम झाले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हा दुवा ज्याच्या हाती पडेल तो निर्णय नोंदवू शकेल. त्यामुळे दोन्ही फॉर्ममध्ये ईमेल घेण्याच्या पर्यायात ‘व्हेरिफाइड’ निवडावे, म्हणजे भरणाऱ्याला स्वतःच्या खात्यात साइन इन करावे लागते आणि पत्ता आपोआप नोंदला जातो. एकाच्या नावाने दुसऱ्याने रजा टाकण्याचा प्रकारही त्यामुळे थांबतो. गोषवाऱ्याच्या पानावर निर्णय आणताना मुख्याध्यापकांच्या पत्त्यावरून आलेलेच निर्णय आधी ‘फिल्टर’ने वेगळे काढावेत आणि मग अर्ज क्रमांकावरून ते ‘एक्सलुकअप’ने शोधावेत. त्या सूत्रात शोध शेवटाकडून करण्याची सोय आहे. सरांनी निर्णय बदलला तर नवा निर्णय लागू होतो आणि जुनाही नोंदीत राहतो, जे शेरा खोडून नवा लिहिण्यापेक्षा कितीतरी बरे. अर्जदाराला निकालाचा मेल निर्णय फॉर्मच्या ट्रिगरवरून जावा. मात्र निर्णय कोणाच्या पत्त्यावरून आला, हे प्रोग्रॅमनेही मेल पाठवण्याआधी तपासावे.

अर्ज भरल्यानंतर तो बदलण्याची मुभा फॉर्ममध्ये देता येते, ती बंद ठेवावी. ती चालू असेल तर बदललेले उत्तर त्याच ओळीवर लिहिले जाते, आणि मुख्याध्यापकांनी दोन दिवसांची मंजूर केलेली रजा शीटमध्ये पाच दिवसांची दिसू शकते. रजा रद्द करायची असेल तर ‘रद्द’ असा प्रकार निवडून नवा अर्ज भरावा.

साध्या जीमेल खात्यावरून ॲप्स स्क्रिप्टद्वारे दिवसाला 100 जणांना मेल पाठवता येतात, आणि संस्थांसाठीच्या गूगलच्या सशुल्क वर्कस्पेस खात्यावर ही मर्यादा 1500 आहे. एका शाळेच्या रजांसाठी पहिली मर्यादाही भरपूर झाली. स्क्रिप्टच्या वाटेला सध्या जायचे नसेल, तर शीटच्या टूल्स मेनूतील ‘नोटिफिकेशन सेटिंग्ज’मध्ये फॉर्म भरला जाताच मेल मिळण्याची सोय आहे. त्या मेलमध्ये अर्जाचा तपशील नसतो, परंतु आपले निदान आठवण करण्याचे काम वाचेल.

रजेवर गेलेल्या शिक्षकाचा तास कोणी घ्यायचा, हे मात्र शीटवर सोपवू नये. कोणाचा तास मोकळा आहे हे सूत्र सांगू शकेल. परंतु दहावीच्या वर्गावर कोणाला पाठवायचे हे पर्यवेक्षकच चांगले जाणतात.

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीत सभासद फॉर्मद्वारे गट क्रमांक, पीक आणि बँक खाते भरतात. मी उत्तरे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून उतरवून एक्सेलमध्ये उघडतो, तेव्हा काही गट क्रमांकांच्या जागी तारखा दिसतात. सभासद चुकीचे भरत आहेत का? (लेखा सहायक, नाशिक)

उत्तर : सभासदांनी बरोबरच भरले आहे. 12/3 असा गट क्रमांक दिसताच एक्सेल तो 12 मार्च किंवा, संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर, 3 डिसेंबर समजते. 145/2 ची तारीख होऊ शकत नाही म्हणून तो तसाच राहतो. परिणामी एकाच कॉलममध्ये काही मजकूर आणि काही तारखा असे मिश्रण होते आणि पुढे शोधसूत्रांना निम्मे सभासद सापडतच नाहीत. ही खोड एवढी जुनी आहे की, मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने तारखेसारखी दिसणारी काही नावे बदलून टाकली आणि 2020 साली तशी मार्गदर्शक तत्त्वेच प्रसिद्ध केली. ‘मार्च 1’ या जनुकाचे ‘मार्चएफ 1’ झाले. शास्त्रज्ञांनी नावे बदलली, पण भूमी अभिलेख खाते आपले गट क्रमांक बदलणार नाही, त्यामुळे काळजी आपणच घेतली पाहिजे.

सीएसव्ही फाइल दोनदा दाबून उघडू नका. एक्सेलच्या डेटा टॅबमधील ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने ती आत घ्या आणि गट क्रमांकाच्या कॉलमचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठरवा. त्याहून चांगला उपाय म्हणजे फॉर्ममध्येच गट क्रमांक आणि हिस्सा क्रमांक असे दोन प्रश्न करणे.

आपण विचारलेले नाही, तरी बँक खात्याच्या कॉलमकडे तातडीने लक्ष द्यावे असे सुचवतो. एक्सेल संख्येतील पहिले 15 अंकच अचूक ठेवते. सोळा किंवा अधिक अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून आला, तर पंधराव्यानंतरच्या प्रत्येक अंकाचे शून्य होते, आणि सुरुवातीची शून्ये तर कोणत्याही क्रमांकातून गळून पडतात. गट क्रमांकाची तारीख झालेली डोळ्यांना दिसते. खाते क्रमांकाचा शेवटचा अंक बदललेला सहसा दिसत नाही आणि रक्कम परत आल्यावर किंवा दुसऱ्याच खात्यात गेल्यावर कळते. हा कॉलमही ‘टेक्स्ट’ म्हणूनच घ्यावा आणि फॉर्ममध्ये खाते क्रमांक दोनदा भरून घ्यावा. यापूर्वी बिघडलेल्या फाइलवरून दुरुस्ती करत बसू नका. फॉर्मच्या ‘रिस्पॉन्सेस’ टॅबमध्ये मूळ उत्तरे शाबूत असतात, तेथून ती पुन्हा उतरवून घ्यावीत.

प्रश्न : आमच्या कारखान्यात साहित्य मागणीचा फॉर्म, शीट आणि त्यावरून स्टोअरला जाणारे मेल ही सगळी व्यवस्था एका सहकाऱ्याने उभी केली होती. ते नोकरी सोडून गेले. त्यांचे कंपनीचे खाते बंद केल्याबरोबर मेल थांबले आणि फॉर्मही उघडेना. आता सगळे नव्याने करावे लागेल का? (मनुष्यबळ विभाग, भोसरी)

उत्तर : वर्कस्पेसमधील काढून टाकलेले खाते प्रशासकाला 20 दिवसांच्या आत पूर्ववत करता येते. अंक हाती येईपर्यंत ही मुदत उलटून जाईल, म्हणून आपल्याला हे आधीच स्वतंत्रपणे कळवले आहे. इतर वाचकांसाठी कारणमीमांसा येथे देत आहोत.

फॉर्म, शीट आणि ट्रिगर यांची मालकी वेगवेगळी असते. ट्रिगर ज्याने लावला त्याच्या अधिकाराने आणि त्याच्याच दैनंदिन मेल मर्यादेतून चालतो. फॉर्म आणि शीट दुसऱ्याच्या नावावर करता येतात, दोन्ही स्वतंत्रपणे करावी लागतात. ट्रिगर मात्र हस्तांतरित होत नाही, नव्या माणसाने तो आपल्या खात्यातून पुन्हा लावावा लागतो. अनेक कार्यालयांत फॉर्म नव्या व्यक्तीच्या नावावर होतो आणि मेल का जात नाहीत हे कोणाला उमगत नाही, त्याचे कारण हेच. फॉर्मद्वारे फाइली मागवल्या असतील तर त्या फॉर्मच्या मालकाच्या ड्राइव्हमध्ये साठतात, तेही पाहावे.

यापुढे अशी व्यवस्था कोणा व्यक्तीच्या नव्हे, तर ‘स्टोअर’ किंवा ‘कार्यालय’ अशा पदाच्या खात्यावर उभी करावी. हे खाते कंपनीच्याच वर्कस्पेसमधील असावे, कारण कोणा कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक जीमेलवरील फॉर्मची मालकी थेट कंपनीच्या खात्याकडे देता येत नाही. प्रत काढावी लागते, दुवा बदलतो आणि जुनी उत्तरे नव्या फॉर्ममध्ये येत नाहीत. कार्यमुक्तीच्या वेळी चाव्या, ओळखपत्र आणि लॅपटॉप ज्या यादीवर सही घेऊन परत घेता, त्या यादीत ‘फॉर्म, शीट, ट्रिगर’ ही एक ओळ वाढवावी. खाते बंद करण्याआधी नव्या ट्रिगरने एक मागणी पूर्ण पार पडलेली पाहावी.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेत पाणी, लिफ्ट, गळती अशा तक्रारी फॉर्मवर घेतो. तक्रारीचे पुढे काय झाले हे सर्वांना दिसावे म्हणून शीटचा दुवा व्हॉट्सॲप गटावर दिला आणि मोबाइल क्रमांकाचा कॉलम लपवला. तरीही एका सदस्याकडे सर्वांचे क्रमांक गेले. हे कसे झाले? (सचिव, डोंबिवली)

उत्तर : लपवलेला कॉलम गुप्त नसतो. ज्याला शीट नुसते पाहण्याची परवानगी आहे, तोही त्याची प्रत काढून कॉलम उघडू शकतो. सदस्यांसाठी संपूर्ण वेगळी फाइल करावी आणि तिच्यात ‘इम्पोर्टरेंज’ने (दुसऱ्या फाइलमधील ठरावीक भाग आणणाऱ्या सूत्राने) तक्रार क्रमांक, विषय, तारीख व सद्यःस्थिती एवढेच कॉलम आणावेत. फ्लॅट क्रमांक दाखवायचा की नाही हे समितीने ठरवावे. आमच्या मते तो नसावा, कारण शेजाऱ्याविरुद्धची तक्रार फ्लॅट क्रमांकासकट गटावर आली की मूळ गळती बाजूला राहते. या दुसऱ्या फाइलवर सदस्यांना केवळ पाहण्याचाच अधिकार द्यावा. संपादनाचा अधिकार मिळालेला कोणीही तेथून सूत्र बदलून मूळ फाइलमधील कोणताही भाग ओढून घेऊ शकतो.

फॉर्मच्या सेटिंग्जमध्ये उत्तरांचा गोषवारा भरणाऱ्यांना दाखवण्याचा पर्याय असतो, तो चालू राहिला असेल तर इतरांनी लिहिलेला मजकूरही दिसतो. तो बंद आहे ना, हे आजच पाहावे. मोबाइल क्रमांक कशासाठी घेत आहोत हे फॉर्मच्या सुरुवातीला एका वाक्यात लिहावे. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी 2023 साली केंद्राने कायदा केला आहे, आणि माहिती घेण्याचा हेतू आधी सांगणे हा त्याचा गाभा आहे. आधार क्रमांक तर तक्रारीच्या फॉर्ममध्ये मागूच नये.

प्रश्न : मला प्रोग्रॅमिंग येत नाही, पण चॅटबॉटकडून ॲप्स स्क्रिप्ट लिहून घेतली आणि ती चालते. ती चालवताना गूगलने इशाऱ्याचे पान दाखवले. धोका आहे का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : स्वतःच्या स्क्रिप्टलाही गूगल ‘पडताळणी न झालेले ॲप’ म्हणते, त्यामुळे इशाऱ्यानेच घाबरू नये, त्याखालची परवानग्यांची यादी मात्र वाचावी. मेल पाठवणे आणि एक शीट वाचणे एवढेच काम असताना स्क्रिप्ट आपल्या ड्राइव्हमधील सर्व फाइली पाहण्याची परवानगी मागत असेल, तर ती देऊ नये. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘ओन्ली करंट डॉक’ ही सूचना घालण्यास चॅटबॉटला सांगावे, म्हणजे तिचा हात त्याच फाइलपुरता राहतो. चाचणी नेहमी शीटच्या प्रतीवर आणि मेलच्या जागी स्वतःचाच पत्ता घालून करावी.

प्रश्न : आमच्या रुग्णालयात रोजच्या बाह्यरुग्ण नोंदी फॉर्मवर होतात. शीट किती मोठे होईपर्यंत चालेल? (नोंदणी कक्ष, सोलापूर)

उत्तर : गूगल शीट्सच्या एका फाइलमध्ये 1 कोटी सेल मावतात. 20 कॉलम असतील तर सुमारे 5 लाख ओळी झाल्या. रिकाम्या सेलही या हिशेबात धरल्या जातात, म्हणून अनावश्यक कॉलम काढून टाकावेत. मर्यादा गाठण्याच्या बऱ्याच आधी, विशेषतः शोधसूत्रे भरपूर असतील तर, शीट मंद होते.

मंद होणे परवडते, गुपचूप नोंदी गळणे परवडत नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत 2020 च्या सप्टेंबरअखेरीस कोविडचे 15,841 रुग्ण दैनंदिन आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांच्या सीएसव्ही फाइली एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस साच्यात ओतल्या जात होत्या, त्यात 65,536 ओळीच मावतात, प्रत्येक रुग्णाच्या अनेक ओळी होत्या आणि उरलेल्या ओळी गळून पडल्या. या रुग्णांच्या संपर्कातील लोकांचा शोधही त्यामुळे लांबला. नव्या एक्सएलएसएक्स साच्यात 10,48,576 ओळी मावतात, परंतु मर्यादा तेथेही आहेच. म्हणून दररोज फॉर्ममधील उत्तरांची संख्या आणि शीटमधील ओळींची संख्या ताडून पाहावी. केसपेपरच्या अनुक्रमांकाशी ती जुळली तर अधिक चांगले.

दर आर्थिक वर्षाला नवी फाइल करावी, पण एक लक्षात ठेवावे: जुनाच फॉर्म नव्या फाइलला जोडला तर मागील सर्व उत्तरेही तेथे येतात. त्यामुळे 1 एप्रिलला फॉर्मचीही प्रत काढावी, ट्रिगर पुन्हा लावावा आणि नोंदणी खिडकीवरचा क्यूआर कोड बदलावा. उपचार, औषधे आणि देयके यांची सांगड घालण्याची गरज पडू लागली की मात्र फॉर्म आणि शीटची ही जोडी सोडून रुग्णालयासाठीची स्वतंत्र संगणक प्रणाली घ्यावी.